मुलाच्या बाईक ट्रेनिंगचे ७,५०० रुपये: द्यावेत का?

गिरणीवाली_सिन्नर

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा आहे आणि जिवाचाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा १९ वर्षांचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, नऱ्ह्याला तिघांनी मिळून रूम घेतली आहे. दिवाळीत त्याला १६० सीसीची बाईक घेऊन दिली. आता इंटर्नशिप बावधनला लागली, म्हणजे रोज नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं बायपासने जाणं-येणं. कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा तो उतार मी रिक्षातून एकदा पाहिलाय. मागून कंटेनर असे अंगावर येतात की बोलता बोलता माणूस गप्प होतो.

लायसन्स रीतसर काढलंय. लर्निंग घरबसल्या मोबाईलवर निघालं. महिन्याने ट्रॅकवर जाऊन आठ काढून दाखवला, पाय टेकला नाही, पास. जोरात ब्रेक मारून दाखव असं त्याला कुणी म्हटलं नाही. गाडी शिकला तो चुलतभावाकडून, आमच्या मळ्याच्या रस्त्यावर.

पुण्याजवळ एके ठिकाणी शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं बाईक ट्रेनिंग असतं. फी ७,५०० रुपये. बाईक आपली, पेट्रोल आपलं, दुपारचं जेवण त्यांचं. मी म्हटलं करू दे. आमचे हे म्हणतात, मला कोणी शिकवलं होतं, तीस वर्षं चालवतोय. त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. माझी पिठाची गिरणी आहे. साडेसात हजार म्हणजे हजार किलोच्या वर दळण. तेवढं पीठ माझ्या हातून जाताना मला दिसतं, म्हणून विचारते.

कुणी असं ट्रेनिंग स्वतः केलंय का? दोन दिवसांत खरंच काही हाताला लागतं की सर्टिफिकेट आणि फोटो घेऊन परत यायचं?


पंचगंगा_७७

ताई, माझं मत विरुद्ध आहे, पण तुमच्या मुलाच्या भल्याचंच आहे.

कोल्हापूर ते रत्नागिरी आंबा घाटाने मी वर्षाला वीसेक फेऱ्या मारतो, पंचवीस वर्षं झाली. साडेसात हजारातले पाच चांगल्या हेल्मेटला द्या. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला नुसता स्टिकर चिकटवून सहाशेला मिळतंय. मुलाच्या डोक्यावर काय आहे ते आधी हातात घेऊन बघा. हनुवटीचा पट्टा लावून हेल्मेट मागून वर ओढा. डोक्यावरून निघालं तर ते हेल्मेट नव्हे. उरलेल्या अडीच हजारात हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घ्या.

दुसरं म्हणजे, ट्रेनिंगने अपघात कमी होतात हे सिद्ध झालंय असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. २०१० साली कॉक्रन या आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने जगभरच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला होता. बाईक ट्रेनिंगने अपघात कमी होतात असं त्यांना ठामपणे म्हणता आलं नाही, कारण अभ्यासांचा दर्जाच चांगला नव्हता. एक गोष्ट मात्र त्यात होती. लायसन्सआधी ट्रेनिंग सक्तीचं केलं की काही लोक लायसन्स काढण्याच्या वाटेलाच जात नाहीत, रस्त्यावर कमी माणसं येतात आणि त्यामुळे अपघात कमी होत असतील.

आणि एकोणीस वर्षांच्या पोराला दोन दिवस शिकवून पाठवलं की तो स्वतःला तयार समजायला लागतो, ही भीती वेगळीच.


इंदोरी_नाका

ताई, मी केलंय हे ट्रेनिंग, पण अपघात झाल्यावर. आधी केलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सगळं लिहितो. लांबेल.

मी तळेगावला राहतो, चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. जुलै २०२१, सकाळची शिफ्ट. तळेगाव-चाकण रस्त्याने इंदोरीच्या पुढे गेलो, रस्ता ओला, वेग साधारण साठ. डावीकडच्या हॉटेलातून एक टेम्पो निघाला आणि सरळ आडवा आला. मी ब्रेक दाबला. कुठला? उजव्या पायाचा. पूर्ण जोर लावून. मागचं चाक लॉक झालं, गाडी शेपूट हलवल्यासारखी डावीकडे गेली आणि मी आडवा होऊन टेम्पोच्या मागच्या चाकाशी जाऊन थांबलो. पुढच्या ब्रेकवर माझी बोटं होती की नव्हती, तेसुद्धा आठवत नाही.

कॉलरबोन मोडलं, प्लेट घातली. बिल १,३५,००० झालं, त्यातले ९०,००० मेडिक्लेमने दिले. मी कंत्राटी माणूस, अडीच महिने पगार नाही. बायकोने तिच्या बांगड्या गहाण ठेवल्या, सोडवायला वर्ष गेलं.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. मला कोणी शिकवलं होतं? माझ्या मामाने, मावळात, भाताच्या खाचरांच्या कडेने जाणाऱ्या गाडीवाटेवर. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो आणि मामाचा पहिला धडा होता, पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील. मला वाटतं हा धडा निम्म्या महाराष्ट्राने घेतलाय. मामा खोटं बोलत नव्हता. त्या वाटेवर मुरूम होता, शेण होतं, पावसाळ्यात चिखल. तिथे पुढचं चाक घसरलं की माणूस खालीच. त्या वाटेला तो धडा बरोबर होता. तोच धडा घेऊन मी चाकणच्या डांबरी रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवली. इतक्या वर्षांत जोरात ब्रेक मारायची खरी वेळ एकदाच आली.

ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सकाळी सरांनी आम्हाला गाडीवर बसूही दिलं नाही. प्रत्येकाच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर बघितला. माझा इतका वर फिरवलेला होता की धरताना मनगट मोडायचं. पान्याने क्लॅम्प ढिला केला, लिव्हर खाली घेतला, मला सीटवर बसवून हात सरळ करायला लावला आणि बोटं जिथे आपोआप पडली तिथे तो घट्ट केला. दोन मिनिटांचं काम. दर सर्व्हिसिंगला गाडी गॅरेजला जायची, पण हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग मैदानात चुन्याची रेघ. पन्नासच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक सुरू करायचा, गाडी थांबली की सर टेप धरायचे. माझा पहिला आकडा २७ मीटर. पुन्हा मागचा ब्रेक, सवय मोडत नाही. सर म्हणाले, एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभी माणसं कुठे जातात? पुढे. तसंच तुमचं आणि गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं. मागचं चाक हलकं होतं, म्हणून लगेच लॉक होतं. थांबवण्याची ताकद पुढच्या चाकात आहे. पण तो लिव्हर एकदम ओढायचा नाही. आधी हलका दाबायचा, पुढचे शॉकअप खाली बसले की मग वाढवत न्यायचा. दाबायचा, झटका द्यायचा नाही.

त्या दिवशी तेवीस वेळा ब्रेक मारला, मी मोजत होतो. दुपारनंतर बोटांना शॉकअप बसल्याचं कळायला लागलं, लिव्हरखाली काहीतरी भरून आल्यासारखं. संध्याकाळचा आकडा साडेपंधरा मीटर. २७ मधून साडेपंधरा वजा करा, साडेअकरा मीटर उरतात. म्हणजे एक एसटी. इंदोरीच्या टेम्पोपाशी मला नेमकी एवढीच जागा हवी होती.

पंचगंगा दादांनी दिलेला आढावा मीही वाचलाय आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ताई, सगळी ट्रेनिंगं एकसारखी नसतात. आमच्याच कंपनीत सुरक्षा सप्ताहात दोन तासांचं ‘बाईक ट्रेनिंग’ झालं होतं. पडद्यावर फोटो, चहा, बिस्कीट, सर्टिफिकेट. त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा: एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं? सहाच्या वर असतील तर मुलगा रांगेतच उभा राहणार. एका दिवसात प्रत्येकाला किती वेळा ब्रेक मारायला मिळतो? मैदान किती लांब आहे? पन्नासपर्यंत वेग घेऊन थांबायला शंभर मीटर तरी हवेत. अंतर मोजतात का? या प्रश्नांना सरळ उत्तरं आली तर ७,५०० द्या. ‘आमचं पॅकेज खूप छान आहे’ एवढंच ऐकू आलं तर ठेवा फोन.

अमेरिकेत १९८१ साली हॅरी हर्ट यांच्या टीमचा अहवाल आला होता. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागेवर जाऊन त्यांनी तपास केला होता. टक्कर टाळायला चालवणाऱ्याला साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो आणि त्यात माणसं मागचा ब्रेक जास्त मारतात, पुढचा कमी, असं त्यांना दिसलं. मी हे प्लेट घातलेल्या खांद्याने वाचलं. इंदोरीची सकाळ कुणीतरी चाळीस वर्षं आधीच लिहून ठेवली होती असं वाटलं. साठच्या वेगात दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. तेवढ्यात विचार करायला वेळ नसतो. बोटांना जे ठाऊक असेल तेच बोटं करतात.


गिरणीवाली_सिन्नर

दादा, तुमचं वाचून गिरणी बंद करून बसले थोडा वेळ. बांगड्यांचं वाचलं तेव्हा ह्यांनाही वाचून दाखवलं.

हेल्मेट ओढून बघायला मुलाला सांगितलं. निघालं. नवीन घ्यायचं ठरलंय, ते वेगळं.

ह्यांचा एक प्रश्न आहे. शोरूमवाल्याने सांगितलं होतं की गाडीला एबीएस आहे, चाक लॉक होत नाही, ब्रेक कसाही मारा. मग शिकायचं काय?


इंदोरी_नाका

एबीएस आहे ही चांगलीच गोष्ट आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. पण १६० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक माझ्यासारखंच लॉक होऊ शकतं. पुढच्या चाकाजवळ आणि मागच्या चाकाजवळ, ब्रेकच्या मोठ्या चकतीशिवाय वेगळी, छिद्रांची छोटी गोल चकती आहे का ते मुलाला बघायला सांगा. एकाच चाकाला असेल तर एबीएस एकाच बाजूला.

आणि एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, लिव्हर मात्र माणसालाच दाबावा लागतो. आमच्या बॅचमध्ये एबीएसवाला एक मुलगा होता. त्याचा पहिला आकडा २४ मीटर, कारण एबीएस चालू होईपर्यंत त्याने लिव्हर दाबलाच नाही. मनातून भीती. पाचव्या वेळी लिव्हर बोटांखाली थरथरला तेव्हा तो दचकून ब्रेक सोडून बसला. गाडी बिघडली असं वाटलं त्याला. ही थरथर पहिल्यांदा मैदानात अनुभवावी, नवले पुलाच्या उतारावर नको.


टेम्सकाठची

मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये रेडिंगला. इथला खर्च ऐकलात तर ७,५०० कदाचित वेगळे दिसतील.

भारतात मी बारा वर्षं बाईक चालवली होती. इथे आल्यावर वाटलं, एक परीक्षा देऊ आणि मोकळं होऊ. तसं नाही. १९९० पासून इथे सीबीटी नावाचं एक दिवसाचं ट्रेनिंग सक्तीचं आहे. ते केल्याशिवाय १२५ सीसीची बाईकसुद्धा रस्त्यावर आणता येत नाही, आणि ते केलं तरी सर्टिफिकेट दोनच वर्षं चालतं, लाल एलची पाटी लावून. सुरुवात रिकाम्या आवारात, मग किमान दोन तास खऱ्या रस्त्यावर. रस्त्यावर एका शिकवणाऱ्यामागे दोनच शिकणारे, तसा नियमच आहे. कानात रेडिओ असतो आणि मागून आवाज येत राहतो. मला बारा वर्षांत कुणी जे सांगितलं नव्हतं ते पहिल्या तासात कानावर आलं: वळण्याआधी आरसा बघितलास, खांद्यावरून मागे का नाही बघितलंस? आरशात न दिसणारी जागा तिथेच असते. ही मान वळवायची सवय लागायला मला तीन आठवडे गेले. आता साताऱ्यात दादाच्या स्कूटरवर बसले तरी मान आपोआप वळते.

मोठ्या बाईकसाठी पुढे लेखी परीक्षा २३ पौंड, मैदानातली परीक्षा साडेपंधरा पौंड, रस्त्यावरची ७५. ही फक्त सरकारी फी. शिकवण्याची फी धरून माझे हजार पौंडांच्या वर गेले. मैदानातल्या परीक्षेत ताशी ५० किलोमीटरचा वेग घेऊन अचानक ब्रेक मारायचा असतो आणि वेग यंत्राने मोजतात. मी पहिल्या वेळी नापास झाले. थांबले व्यवस्थित, पण वेग ४७ भरला. घाबरून आधीच ॲक्सिलरेटर सोडला होता. त्या दिवशी पार्किंगमध्ये बसून रडले. आठवड्याने पुन्हा गेले.

पंचगंगा यांची शंका मला पटते. दोन दिवसांनी कुणी तयार होत नाही. पण तुमच्या मुलाला आत्तापर्यंत एकाही जाणत्या माणसाने मागून गाडी चालवत बघितलेलं नाही, ही गोष्ट मला जास्त टोचते. आपल्याकडे पोहायला शिकवताना कुणीतरी काठावर उभं असतं. भारतात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची. तिथे काठावर कुणीच नाही.


पंचगंगा_७७

इंदोरीकर, तुमचा २७ आणि साडेपंधराचा आकडा मी कालपासून विसरलो नाही. आज सकाळी शाहूपुरीतल्या एका रिकाम्या रस्त्यावर मीही बघितलं. चाळीसच्या वेगाने, पावलं मोजून. आकडा सांगत नाही. पुढचा ब्रेक मीही वापरत नव्हतो एवढं कळलं.

तरी माझा एक मुद्दा कायम आहे. सहा महिन्यांनी काय? सवय परत पायात जाते.


इंदोरी_नाका

जाते. माझी चार महिन्यांतच गेली होती. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता एमआयडीसीतल्या बंद कंपनीपुढच्या रस्त्यावर जातो, दहा वेळा ब्रेक मारतो, घरी येतो. पेट्रोल पन्नास रुपयांचंही जळत नाही. पाऊस असला तर मुद्दाम जातो, तिसच्या वेगाने. ताई, मुलाला हे लावून द्या. फी भरली म्हणून विषय संपला असं होऊ देऊ नका.

आणि ट्रेनिंगमधली आणखी एक गोष्ट, बायपासवर त्याच्या कामाची. कंटेनरच्या बाजूने जाताना त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसतो का ते बघायचं. तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. अशा जागी रेंगाळायचं नाही, पुढे निघायचं किंवा मागे राहायचं.


गिरणीवाली_सिन्नर

काल फोन केला. एका सरांमागे पाच मुलं, मैदान १४० मीटर, टेपने मोजतात. ब्रेक किती वेळा, तर ‘वीसच्या खाली सोडत नाही’ म्हणाले. पैसे भरले. पुढच्या शनिवारी बॅच आहे.

हे स्वतः सोबत जाणार म्हणतात, बघायला. मला आता वेगळंच सुचलंय. दळणाच्या पिशव्या पोहोचवायला मी रोज स्कूटर चालवते, कधी पुढे २० किलो, कधी मागे. स्कूटरला हे शिकवतात का? माझ्या वयाच्या बाईला चालतं का?


इंदोरी_नाका

आमच्या बॅचला ५२ वर्षांच्या एक अंगणवाडी सेविका होत्या, स्कूटर घेऊनच आल्या होत्या. नक्की या.

तुमच्या स्कूटरचा डावा लिव्हर बहुतेक दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लावत असेल, पण पुढचा त्यात थोडाच लागतो. पूर्ण थांबायला उजवा लिव्हरही हवा. सरांना सांगा की तुम्ही वजन घेऊन चालवता, आणि शक्य असेल तर एक भरलेली पिशवी सोबत आणा. पायाशी २० किलो ठेवून ब्रेक मारला की पिशवी पुढे सरकते आणि हँडल जड होतं. ते तिथेच एकदा अनुभवून घ्या. निघायच्या आधी दोन्ही टायरची हवा बघून या. मागचा टायर गुळगुळीत झाला असेल तर बदलूनच या, त्या टायरवर ते मैदानात घेत नाहीत.